कापलेली आवाजाची तार

बाबा,

"काका, देवाशपथ, मी हात बी लावला न्हाई." वैजनाथचं इतक्या वर्षांपूर्वीचं ते बोलणं कालपासून कानातून जात नाही.

भूकंपात तुमच्या या पुतण्याचं सगळं गेलं, तेव्हा तुम्हीच त्याला बारावीच्या क्लाससाठी लातूरला आपल्या घरी आणलं. मग माझ्या व्हिडिओ गेमचा आवाज गेला आणि आळ त्याच्यावर आला. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो ट्रंक उचलून उदगीरला मामाकडे निघून गेला, तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसला होता. वर दर दिवाळीला मलाच विचारता, वैजनाथ का येत नाही म्हणून.

काल माळा आवरताना तो गेम सापडला. चित्र येत होतं, आवाज नव्हता. टीव्ही तपासला, कॅसेट बदलून पाहिली, शेवटी गेमचं खोकंच उघडलं. आवाजाची तार ब्लेडनं कापलेली होती आणि टोकांना तुमच्या दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती. माझा अभ्यास व्हावा म्हणून कापली असेल. पण त्या पोराला खोटं का पडू दिलंत?

तार जोडली, गेमला कंठ फुटला. मला ऐकवेना, बंद केला.

भाकरी टोपल्यात आहे, गोळी जेवणानंतर घ्या. मी उदगीरला निघालोय, मुक्काम तिथंच.

आत्ता त्याला फोन लावला होता. म्हणाला, "श्री, काकांना तार कापताना मी बघितलं व्हतं. पर माझं घर तर पडलंच व्हतं, तुझं कशाला पाडू?"