हँडल फिरतं, टेबल हलत नाही

ओटली, यॉर्कशायर
२ सप्टेंबर

आदरणीय लायनेलदादा,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकू लागला असेल आणि कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या असतील, अशी आशा आहे. (दोन्हींपैकी एकच जमलं असेल तर एनिडला कोंबड्यांची काळजी जास्त आहे.) आम्ही मजेत. माझ्या अंगठ्याला पट्टी आहे, त्याचा खुलासा पुढे येतोच.

तुम्ही ड्रॉइंग काढलेलं वाफेचं छोटं इंजिन मी नऊ वर्षं शेडमध्ये बनवतो आहे. चौदा तारखेला ते क्लबच्या रुळांवर धावणार आणि तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची एनिड, सत्तराव्या वाढदिवशी त्याच्यामागे पहिल्या डब्यावर बसणार, असं मी तिला वचन दिलं आहे. यंदा ते टळणार नाही. राहिल्या आहेत फक्त चाकं जोडणाऱ्या दोन दांड्या. प्रत्येकीला दोन भोकं, मधलं अंतर बरोबर सात इंच.

अडचण माझ्या छोट्या मिलिंग मशीनची. वर कटर फिरतो आणि खालचं टेबल धातूला त्याच्याखाली सरकवतं. हँडल फिरवलं की स्क्रू फिरतो, स्क्रू नटाला ढकलतो आणि टेबल सरकतं. पण स्क्रू आणि नट दोघंही झिजलेत, त्यामुळे दिशा बदलली की हँडल थोडा वेळ नुसतंच फिरतं आणि टेबल ढिम्म. यालाच बॅकलॅश म्हणतात. माझ्याकडे तो इंचाचे वीस हजारांश आहे, म्हणजे पाच कागदांच्या जाडीएवढा.

आधी मी त्याच्याकडे काणाडोळा केला. मग एक दिवस लोखंडाची पट्टी कटर फिरतो त्याच दिशेने आत सरकवली. (तसं करू नये असं पुस्तकात होतं, पण ते पान तेलाने चिकटलं होतं.) कटरने पट्टी धरली, जेवढी ढिलाई होती तेवढं टेबल हिसक्यासरशी ओढलं आणि स्वतः मोडला. पट्टी उडाली ती एनिडच्या व्हिनेगरमधल्या कांद्यांची बरणी फोडूनच थांबली. अंगठा तेव्हाचा. मग मी नट आवळला. स्क्रू मधोमध जास्त झिजलेला, तिथे नट छान बसला. कडेला मात्र टेबल असं अडकलं की हँडलला पाइप लावून मी त्याला लोंबकळलो. नेमका तेव्हाच ऑब्री पिनॉक, आमच्या क्लबचा इंजिन-तपासनीस, दारात येऊन उभा राहिला. त्याने आधी हातातलं बिस्किट संपवलं.

"क्लेमंट, तुझं इंजिन म्हणजे पुतळा आहे रे," तो म्हणाला. "पुतळ्याला दांड्या कशाला हव्यात?"

मी नट पुन्हा सैल केला आणि ऑब्रीशी बोलणं सोडलं (दोन दिवस).

मार्ग शेवटी एनिडने काढला. चहा घेऊन आली, माझी चाललेली झटापट पाहिली आणि म्हणाली, "अरे, आपल्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग असंच ढिलं होतं की. पुढे गेलं तर जरासं मागे घेऊन काय होतंय? चांगलं मागे जा, आणि पुन्हा त्याच बाजूने ये."

पुस्तकाने यावर अकरा पानं घेतली आहेत. तेव्हापासून मी प्रत्येक भोकाकडे डावीकडूनच जातो. पुढे गेलोच तर अख्खा फेरा मागे, आणि पुन्हा डावीकडून. काल दांड्या झाल्या. सात इंच, ना कमी ना जास्त. बॅकलॅश होता तिथेच आहे, पण आता आमचं दोघांचं जमलं आहे.

चौदाला तुम्ही यायचंच.

तुमचा,
क्लेमंट

ता. क. (४ सप्टेंबर) : पत्र पेटीत टाकण्याआधी दांड्या लावून पाहिल्या. चाकं अर्धा फेरा फिरतात आणि अडतात. चाकांचे आस जिच्यात बसतात ती चौकट मी चार वर्षांपूर्वी याच मशीनवर कापली होती, तेव्हा बॅकलॅश हा शब्दही मला ठाऊक नव्हता. आसांमधलं अंतर सात इंच आणि वर वीस हजारांश आहे. नवी चौकट करायला दोन वर्षं लागतील. एनिड दहा दिवसांत सत्तरीची होते.

दुसरा ता. क. (६ सप्टेंबर) : पुन्हा नव्या दांड्या केल्या. या वेळी दुसऱ्या भोकाकडे मुद्दाम उजवीकडून गेलो, म्हणजे बॅकलॅशचे वीस हजारांश अंतरात आपोआप वाढले. इतक्या काळजीने मी आजवर एकही चूक केलेली नाही. चाकं लोण्यासारखी फिरतात.

तिसरा ता. क. : दादा, ऑब्री ड्रॉइंग हातात धरून मापं घेतो आणि फरक दिसला तर इंजिन रुळांवर येऊ देत नाही. माझी प्रत चहा सांडून खराब झाली, असं मी त्याला कळवलं आहे. (खरंच सांडला. आज सकाळी, दोनदा.) मूळ ड्रॉइंग तुमच्याकडे आहे. सात इंचांपुढे तेवढे वीस हजारांश लिहून ते थेट त्याच्याकडे पाठवा. वाढदिवस तुमच्याच बहिणीचा आहे. शाई फिकी वापरा.