दोघेही नापास

२ जानेवारी १९३८
सोळा तारखेला तालुका बोर्डाची निवडणूक. आमच्या भागातून दोन कँडिडेट. हिलाल पाटलाला मुलींची शाळा बंद करून तिथे कापूस भरायचाय. लोटन पाटील शाळा ठेवणार, पण हा तोच लोटन, ज्याने सारंगखेड्याच्या जत्रेत म्हातारं तट्टू काळं फासून तरणं म्हणून विकलं. (घेणारा मी. तो मुद्दा वेगळा.) शिकलेला म्हणून घरात व्होट मला एकट्याला. संकल्प: व्होट फक्त तत्त्वाला.

५ जानेवारी
हिचं म्हणणं, लोटन लबाड शे, पण शाळा मोडाव नही, डोळा मिटीसन त्यालेच द्या. आमची धनू सहावीत, पुढल्या वर्षी सातवीची फायनल. शाळा चालू आहे तोवर तिला स्थळ बघणार नाही, असा शब्द भिलादादाने, माझ्या थोरल्या भावाने, दिलाय. बंद पडली की लगेच लग्न. हिला घाबरण्याची सवयच आहे.

११ जानेवारी
धनूला मास्तरीण व्हायचंय. तिला तासभर तत्त्व समजावलं. अधूनमधून खाली बघत होती. पटलेलं दिसतं.

१६ जानेवारी, दुपारी २
कर्तव्य केलं! खिशात तांबडी पेन्सिल होतीच. वीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेत, हात आपोआप चालला. मतपत्रिकेवर लिहिलं, "दोघेही नापास. फेरपरीक्षा घ्यावी." खाली सही, तारीख. निनावी लिहिणारा भेकड. मोजणीच्या साहेबांच्या नजरेस पडेलच. एवढ्या मतांत एकाने काय फरक पडतो?

१८ जानेवारी
दोघांना सारखी मतं. एकशे बारा, एकशे बारा. एक मत बाद. बाद का, म्हणून लोटनने आरडाओरडा केला, तेव्हा कारकुनाने ते सहीसकट मोठ्याने वाचलं. सगळे खो खो हसले. मग चिठ्ठी टाकली. हिलाल निघाला.
चिठ्ठीला मी काय करणार? चूक चिठ्ठीची.

२० जानेवारी
ही बोलत नाही. बरंच आहे, वाचायला शांतता मिळते. उद्यापासून धनूला घरीच शिकवणार. टाइमटेबल आखलं. फायनलला फर्स्ट क्लास काढून दाखवू!

३ फेब्रुवारी
शाळेत कापूस भरायला घेतला. टाइमटेबल अजून सुरू नाही, पाहुणे येऊन जाताहेत. भिलादादाने कळसाडीचं स्थळ पक्कं केलं. मी विरोध करणार होतो. दादा म्हणाला, तू तुन्हं तत्त्व सांभाळ, पोर मी सांभाळस. चहा थंड झाला होता, तोही प्यायलो.

२ मार्च
काल धनूचं लग्न झालं. आज सासरी गेली. गाडीत बसताना पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, आपला घरमा मत तुमलेच व्हतं ना?"
हो म्हणालो. पुढे समजावण्यासारखं खूप होतं. गाडी वळली तरी तिने मागे पाहिलं नाही. ही आत जाऊन रडली. मी ओसरीवर, सगळ्यांसमोर.