औंदाचा मुराळी

नांदेड, ५ जुलै

ती. स्व. केवळाआत्यास, शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखे नाही, म्हणून पत्र. न्यूमोनिया वाढल्याने बाबांना आयसीयूत ठेवले आहे. श्वास मशीनवर चालू आहे, घशात नळी आहे, त्यामुळे बोलता येत नाही. डॉक्टर काही लपवत नाहीत. म्हणाले, इतके आजारी झालेले सगळेच घरी परतत नाहीत, आणि जे परततात त्यांच्या हातापायांत कित्येक महिने जोर नसतो. मला फार भीती वाटते. सत्यमदादाला गाडी घेऊन औशाला पाठवते, तू लगेच ये.

तुझ्या आधाराची वाट पाहणारी,
शिल्पा

औसा, ८ जुलै

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले, रडले आणि मग पिठलं-भाकरी करून खाल्ली. आपण उपाशी राहून त्याचा ताप उतरणार नाही. तूही जेवत जा.

मी येणार नाही. लग्न झाल्यापासून दर नागपंचमीला तुझा बाप शेषा मुराळी होऊन मला माहेरी न्यायला येतो, तेव्हाच मी कंधारची वाट धरते. एका साली रस्ता वाहून गेला, तर गुडघाभर चिखलातून आला आणि वर मलाच विचारले, आक्का, अजून पिशवी भरली न्हाई का. आता मी त्याच्या खाटेपाशी उभी राहिले तर त्याला वाटेल, आक्का निरोप घ्यायला आली. त्याला तसे वाटू द्यायचे नाही.

त्याच्या कानाशी हे वाच: शेष्या, औंदाही मी पिशवी भरून उंबऱ्यावर बसणार. उशीर केलास तर तुझे धपाटे कुत्र्याला घालीन.

तुम्हा लेकरांवर माया आहेच.
आत्या

नांदेड, १९ जुलै

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

खरे सांगते, तुझे पत्र वाचून संताप आला होता. दादा तर म्हणाला, आत्याचं काळीज दगडाचं हाय. तरी वाचून दाखवले. धपाट्यांपाशी आले तेव्हा बाबांनी माझी बोटे दाबली! मग पंचशीला सिस्टर रोज तेच पत्र वाचू लागल्या. हळूहळू मशीन कमी केले आणि काल नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिलेच विचारले, पंचमी कधी हाय. आम्ही सगळे हसलो, रडलो.

पण त्यांना बसता येत नाही, चमचा धरवत नाही. काल रडत होते. म्हणे मी न्हाई गेलो तर आक्का उंबऱ्यावर बसून राहील. औषध तुझे लागू पडले, पण आता तेच त्यांना खात आहे. तूच त्यांना यातून सोडव.

लोभ आहेच, तो असाच राहो.
शिल्पा

औसा, २३ जुलै

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद.

शेषा बोलला! गल्लीभर साखर वाटली.

तो रडेल हे माझ्या ध्यानातच आले नाही. दगड म्हणणाऱ्या सत्यमला सांग, गाडी तयार ठेव. मुराळी म्हणजे घेऊन जायला येणारा. इतकी वर्षे तो आला, औंदा मी येते. डॉक्टर सोडतील त्या दिवशी, मग पंचमी असो की पोळा, मी त्याला औशाला आणणार. पायांत जोर येईपर्यंत तो बहिणीकडे राहील. भरवीन, बसवीन, उभा करीन आणि कुरकुर केली तर रागावीनही.

त्याचे दोन सदरे आणि चष्मा आत्ताच बांधून ठेव. दारात पाऊल टाकताच मी विचारणार आहे, शेष्या, अजून पिशवी भरली न्हाई का.

भेटीअंती बाकीचे बोलू.
तुझी आत्या