आत्या, रविवारी सिनेमाला येऊ नका

तीर्थरूप आत्यास भाच्याचा अगदी वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत, झोप लागते का, सूनबाई औषध वेळेवर देते का, सगळं सविस्तर कळवा. (फोनच करणार होतो, पण तुमचा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते.) रविवारी तुम्ही मैत्रिणींचं अख्खं लटांबर घेऊन माझा सिनेमा बघायला निघालात असं कळलं. आत्या, हात जोडतो, येऊ नका. थिएटरात एसी फार लागतो आणि जिने तर विचारूच नका.

पण सिनेमा काय चाललाय म्हणून सांगू! हाउसफुल्लचा बोर्ड उतरत नाही. इतकी वर्षं मी पडद्यावर लोकांना दारं उघडून दिली, पाण्याचे ग्लास आणले, आणि आता एकदम नायक! नायक म्हणजे पक्का हलकट. सख्ख्या भावाचं घर एकेक वस्तू करत घशात घालणारा. काल भाजीवालीने मला बघून टोपली मागे ओढली. नटाला याहून मोठं बक्षीस कुठलं?

आता हे जमलं कसं, तेही मीच सांगतो, बाहेरून कळायला नको. पहिल्या दिवशी मी डोळे वटारले, मिशी पिळली, गडगडाटी हसलो. दिग्दर्शकबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, आवाज न चढवता हवं ते घेऊन जाणारं माणूस आयुष्यात बघितलंय का कधी? (आत्या, रागावू नका. मी आधी बऱ्याच जणांचा विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला.) मग मी भावाच्या खोलीत शिरलो, बसलो नाही, पाणी नको म्हणालो, कपाटावरून हळूच हात फिरवला आणि सुस्कारा सोडून म्हणालो, "तुझ्या घरात याची नुसती अडगळ होतेय रे." सेटवर मेकअपवाली डोळे पुसत बसली. आमचं सागवानी कपाट तुम्ही नेलंत तेव्हा मी दाराआड उभा होतो, ते सगळं अंगात आलं हो.

हेही गुपचूप निभावलं असतं, पण पहिल्या खेळाला बाबा शेजारी बसले होते. ते वाक्य आलं आणि बाबा अंधारात ताडकन उठले. "ने ताई, आत्ताच ने," असं म्हणून खिशात किल्ल्या चाचपायला लागले. (बायकोने शर्टाला धरून खाली बसवलं.) तेव्हापासून ते धास्तावलेत. तुम्ही दोघं आत्ता कुठे परत बोलायला लागलात. तुम्ही स्वतःला ओळखलंत तर पुन्हा आमचा उंबरा चढणार नाही, ही त्यांची भीती. त्यांना बहीण एकच आहे. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी तरी घरी थांबा.

तुमचा गुणी म्हणा, आगाऊ म्हणा,
भाचा

ता.क. : दुसरा भाग येतोय! त्यात हा हलकट म्हातारा होतो. उतारवयात लोभ कसा चालतो, कसा बसतो, मला काहीच ठाऊक नाही. महिनाभर तुमच्याकडे राहायला येऊ का? फक्त कोपऱ्यात बसून बघेन.

आणखी ता.क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुमचा फोन आला, बायकोने घेतला. तुम्ही म्हणे सिनेमा आधीच दोनदा बघितलात आणि ढसाढसा रडलात. वर तिला म्हणालात, "पोटच्या पोराने बापाला असं चव्हाट्यावर आणावं? हुबेहूब माझा भाऊ!" बाबांना हे सांगताना माझी पाचावर धारण बसली होती. त्यांनी मला दोनदा विचारलं, "हुबेहूब मी?" तेव्हा आता रविवारी खुशाल या. बाबा आरशासमोर ताठ उभे आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आईला सांगितलंय की चहात साखर कमी आहे.