आत कोण आहे

३ मार्च, सोमवार

आज तिसऱ्यांदा. आई संडासाच्या बंद दाराबाहेर भिंतीला हात टेकून उभी. मी दूध घेऊन वर आलो तर माझ्याकडे बघतच राहिली. "तू बाहेर होतास? मग आत कोण आहे?"

आत कोण असणार! घरात माणसं दोन. एक्क्याऐंशीची ती आणि एकसष्टचा मी. ही लेकीच्या बाळंतपणाला गेली त्याला दोन महिने होतील. दार उघडून दाखवलं. रिकामं. आई आत गेली, पण जाताना अशी नजर टाकली की जणू मीच कोणाला तरी मागच्या दाराने पळवून लावलं. संडासाला मागचं दार नसतं.

५ मार्च

आज वाईट झालं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली आलो तर आई तिथेच उभी, पायाशी ओलं, साडी भिजलेली. किती वेळ थांबली होती कोण जाणे. मी फडकं घ्यायला गेलो तर म्हणाली, "तू नको." स्वतः वाकून पुसलं. भिंतीला धरून, दम खात. मला वाईट वाटलं आणि रागही आला – दोन्ही एकदम.

दार का नाही वाजवलंस, असं तिला विचारण्यात अर्थ नाही. आमच्या घराण्यात दार वाजवत नाहीत. लहानपणी राहायचो तिथे आठ बिऱ्हाडांत दोन संडास. बाबांचा कायदा होता – बाहेर उभं राहून कान द्यायचा. पाणी वाजतंय म्हणजे माणूस आहे. मुकाट्याने थांबायचं. "आतल्या माणसाला लाजवू नये." स्वतःचा संडास मिळून चाळीस वर्षं झाली, बाबा जाऊन बावीस. कायदा जागच्या जागी!

आई म्हणते, आत पाणी वाजतं. कोणीतरी टाकी भरतंय. थांबतं, पुन्हा भरतं. मी दाराला कान लावून चांगला पाच मिनिटं उभा राहिलो. काही नाही. शांत.

८ मार्च, शनिवार

धाकटा भाऊ आला आणि दोघं मिळून आईला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आत कोण दिसतं तुम्हाला?" आई म्हणाली, "दिसत कोणी नाही. ऐकू येतं." डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. आईला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं – या वयात भास होतात. वाढतही जातात. एकट्या माणसाला सांभाळणं कठीण आहे.

घरी आल्यावर धाकट्याने पिशवीतून अर्ज काढला. आधीच आणला होता! शहराबाहेर वृद्धांसाठी जागा आहे म्हणे, नर्स दिवसरात्र, भोवती झाडं. एक खोली रिकामी झालीय, पुढच्या शनिवारपर्यंत राखून ठेवतील. आई माझ्याकडे राहते म्हणून सही माझी. मी चिडलो. आई म्हणजे काय सामान आहे का, उचललं आणि ठेवलं? तो ऐकून घेत राहिला. मग जिन्यात उभा राहून लहानपणी रडायचा तसा रडला. "दादा, ती पडली तर? तू गच्चीवर असताना पडली तर?"



९ मार्च

अर्ज टेबलावर. त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. वाचायला उचललं, वाचलं, परत त्याच्यावरच ठेवलं.

१० मार्च, सोमवार

धाकट्याने फोनवर विचारलं, आईचं आणखी काही वेगळं वागणं आहे का. म्हटलं, एक आहे. काही सांगायचं असेल तर आधी दंडाला हात लावते, बाही ओढते, वळून समोर येते आणि मगच बोलते. अगदी लहान पोरासारखं. मी पेपर वाचत असलो की फार वैताग येतो. तो म्हणाला, "हेही डॉक्टरांना सांगू." सांगितल्यावर वाटलं, चहाडी केली.

हिचा फोन आला. हिला सगळं सांगितलं. ही आधी म्हणाली, "अहो, ओरडू नका. मी दुसऱ्या गावाला आहे, दुसऱ्या ग्रहावर नाही." मग म्हणाली, आईंना विचारल्याशिवाय सही करू नका. मी चौतीस वर्षं छापखान्यात काढली, मला हळू बोलायला कोण शिकवणार. ऑफसेटच्या मशीनसमोर बोलायचं नसतंच, हातवारे करायचे नाहीतर गळा काढायचा.

११ मार्च

आईला विचारलं. म्हणजे सांगितलंच. समोर बसून, अर्ज हातात घेऊन. वाटलं होतं रडेल. चष्मा लावून तिने अर्ज सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा.

"जाईन," म्हणाली. "पण आधी बघ आत कोण आहे ते. घर सोडायचं तर निदान कोणासाठी सोडतेय ते कळू दे."

उठलो. स्टूल घेऊन संडासात जाऊन बसलो, दार लावून. म्हटलं, अर्धा तास बसतो, मग बाहेर येऊन शपथेवर सांगतो. दहा-एक मिनिटांनी पाठ अवघडली म्हणून उठताना हात फ्लशच्या टाकीवर टेकला, आणि तसाच राहिला. टाकी थरथरत होती.

मशीनवरच्या माणसाचा तळहात खोटं बोलत नाही. बेअरिंग बिघडलं की आम्हाला आधी हाताला कळायचं. झाकण काढून बघितलं. पाण्यावर तरंगणारा गोळा खाली उतरलेला आणि बाजूने पाणी आत येतंय. भरलं, गोळा वर आला, थरथर थांबली. दोन मिनिटांत गोळा पुन्हा हळूहळू खाली, पुन्हा पाणी. कोणी फ्लश केलेला नसताना!

आई बाहेर खुर्चीवर बसली होती. काही बोललो नाही. उद्या खात्री करतो, मग बोलतो.

१२ मार्च, बुधवार

छपाईची शाई तेलातली, पाण्यात विरघळत नाही. म्हणून हे ज्या शाईने लिहितोय तिचीच दौत घेतली आणि निम्मी टाकीत ओतली. फ्लशला हात लावला नाही. चहा केला, दोघांनी प्यायला. मग आईला हाताला धरून नेलं.

कमोडातलं पाणी निळं. सुरेख, एकसारखं निळं. असा निळा मशीनवर आणायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा!

आईला समजावून सांगितलं – टाकीच्या तळाला रबराची कडी असते, बांगडीएवढी. ती झिजली की पाणी खाली झिरपत राहतं, टाकी रिकामी होते, आणि पुन्हा आपोआप भरायला लागते. ते भरताना वाजतं. तेच तू ऐकत होतीस.

आईने वाकून त्या निळ्या पाण्याकडे बघितलं. म्हणाली, "म्हणजे कोणी नव्हतं."

"कोणी नव्हतं. पण पाणी होतं. तुझं खरं होतं, आई. माझं चुकलं."

तिने पदर डोळ्यांना लावला. गेले कित्येक दिवस ती मनातून स्वतःच घाबरली असणार, हे माझ्या आत्ता डोक्यात आलं. मी मूर्ख, मला वाटत होतं घाबरायचं काम माझं एकट्याचं आहे.

१३ मार्च

टाकीखालचा नळ बंद केला, फ्लश दाबून टाकी रिकामी केली. मधला उभा खांब पाव फेरा फिरवला की हातात येतो. कडी निघाली. कडक, कडेला चिरलेली, एका बाजूला क्षाराची पांढरी पुटं. पट्टी लावून नीट माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि ऐटीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो. नवी आणली. बसेना! थोडी मोठी.

परत गेलो. दुकानदार पाठ करून फळीशी काहीतरी पुटपुटला. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. "काय?" म्हटलं. वळून म्हणाला, "काका, माप नको, जुनी आणा. रबर म्हातारं झालं की फुगतं."

चौतीस वर्षं रबरी रूळ रसायनात फुगताना बघितले, दर वर्षी बदलले, आणि फुगलेल्या कडीचं माप घेऊन मिरवत गेलो! हे फक्त छापखान्यातला माणूसच करू जाणे – कागदावर लिहिलेलं म्हणजे खरं. तिसऱ्या फेरीला जुनी कडी खिशात घालून गेलो. दिवसभर बादली वापरली. आई हसली. पुष्कळ दिवसांनी.

१४ मार्च, शुक्रवार

बसली. खाचेतला क्षार चमच्याच्या दांड्याने खरवडला, कडी ओली करून बसवली, खांब फिरवला, कट् झालं. उरलेली दौत टाकीत ओतली. तासाभराने कमोडातलं पाणी नितळच.

आई दाराबाहेर येऊन उभी राहिली. डोळे मिटून. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, शाळेत निकालाच्या दिवशी बघायचो तसा.

"गेला," म्हणाली आणि दार उघडून आत गेली.

१६ मार्च, रविवार

धाकटा आला. चिरलेली कडी अर्जात गुंडाळून ठेवली होती, ती पुडी त्याच्या हातात दिली. त्याने उघडली, कडी बघितली, अर्ज बघितला. सगळं ऐकून घेतलं आणि आईच्या पायाशी जाऊन बसला. आई म्हणाली, "तुझं चुकलं नाही रे. मी पडले असते तर?" मग त्याला म्हणाली, झाडं असतील तर एकदा नुसती बघायला ने. दोघं हसले. मी चहा ठेवायला उठलो, डोळे भरून आले होते.

त्याला सोडायला खाली गेलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. "दुरुस्त केलंत, बरं झालं हो. जेवायला बसलं की वरून पाण्याचा आवाज सुरूच. आमची नात म्हणायची, वरच्या आजोबांचं पोट बिघडलंय." धाकटा पोट धरून हसला. मी हो हो म्हणालो.

१७ मार्च

एवढ्या जाड छतातून?

२७ मार्च, गुरुवार

कान तपासून आलो. माझे. दोन्ही निम्म्याहून जास्त गेलेत, आणि आज-काल नाही, कितीतरी वर्षांपूर्वी. "तुम्ही ओठ वाचता," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "कोणी समोर येऊन बोललं की निभतं."

घरी आलो. आईने दंडाला हात लावला, वळून समोर आली. काय म्हणाले, विचारलं. सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"तुला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. "मी कशाला दार वाजवू?"