एकही सहगुणक ऋण नाही

मी, गणिताचा निवृत्त प्राध्यापक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. मनाचा दाखला कोणी मागू नये.

घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, माझ्याच लग्नात विचारलं होतं, "आकडेमोडीवर कुणाचं पोट भरतं का?" त्यांना माझी शिडी द्यावी. तशीही ती त्यांच्याकडेच आहे.

फळा माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला. तिला आम्ही शंकेखोर म्हणतो.

आता मुख्य कलम. अनंत कंसांचा एक गुणाकार आहे. तो उलगडला की प्रत्येक घाताबरोबर एक सहगुणक येतो. कंसांत वजाबाक्या ठासून भरल्या आहेत, तरी एकही सहगुणक ऋण येणार नाही, हा माझा तर्क. तो सिद्ध करण्यात माझी हयात गेली आणि हाती धुपाटणं आलं. गेल्या महिन्यात शंकेखोर आली आणि याच फळ्यावर लिहीत म्हणाली, "सर, प्रत्येक सहगुणक म्हणजे मोजणी आहे. ठोकळे रचायच्या पद्धतींची. मग तो उणे होईलच कसा?" मला तिथल्या तिथे पटलं. तोंडाने मात्र म्हणालो, "बघून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. स्वतःचीच लाज वाटते. तिची सिद्धता बरोबर आहे, हे माझ्या मृत्यूनंतर तिला कळवावं.

वरील कलम रद्द. खोडू मात्र नये, लाज दिसलेली बरी. साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "तुम्ही जिवंत, ती जिवंत, फोन चालू. मरायची वाट कशाला बघताय?" काही केल्या सही करीनात. शेवटी त्यांच्यासमोर फोन लावला.

"बरोबर आहे गं तुझं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून वाटलं कुठेतरी चुकलंय. महिनाभर ती चूकच शोधतेय, सर. सापडेना, तेव्हा वाटलं, आपल्याला हे जमणारं नाही. काल गणिताचं सगळं आवरून ठेवलं."

फोन ठेवला आणि हा कागद पुन्हा पुढे ओढला.

फळा मृत्यूनंतर नव्हे, उद्याच द्यायचा आहे. मी स्वतः घेऊन जाईन. तिने आत बोलावलं तर बसेन.

सही: निवृत्त प्राध्यापक
साक्षीदार: तळमजल्यावरचे डॉक्टर (फोन झाल्यावर सही केली)
साक्षीदार: समोरचे घड्याळजी (चष्मा विसरल्याने डॉक्टरांकडून वाचून घेतलं, मग सही केली)
ठिकाण: अभ्यासाची खोली, फळ्यासमोर
दिनांक: फोन केला तोच