सरांचे पाचपैकी पाच

११ डिसेंबर, नांदेड
कॅनडाच्या इंजिनिअर बोर्डाचा मेल आला. चहा घेता घेता उघडला, चहा तसाच राहिला. माझी लातूरची सिव्हिलची डिग्री मान्य. तिथल्या कायद्याची परीक्षा पास. माझ्या कामाबद्दल बाकीच्या साहेबांनी दिलेल्या साक्षी चालल्या. अडलंय ते बिराजदार सरांपाशी. त्यांची साक्ष उपयोगाची नाही म्हणे, महिनाअखेरपर्यंत नव्यानं भरून घ्या, नाहीतर फाईल बंद.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अर्ज. लायसन्स नाही तोवर तिथं मी नुसती ड्रॉइंगवाली. डोकं माझं, सही दुसऱ्याची. सुट्टीवर आले तर हे.

अण्णांनी विचारलं, नापास झालीस का. आई म्हणाली, सकाळी सकाळी असं विचारतात का.

१२ डिसेंबर
सरांना फोन केला. शिकून बाहेर पडले ती थेट त्यांच्या ऑफिसात, लातूरला. इमारती, टाक्या, पूल, सगळ्यांची डिझाइनं. जे काय येतं ते तिथंच शिकले.

बोर्डाच्या फॉर्मात माझ्या एकेका कामाला शून्य ते पाच मार्क द्यायचे आणि का दिले ते लिहायचं. मला न दाखवता. सरांनी फोनवर अख्खा फॉर्म वाचून दाखवला! सगळीकडे पाच. "पाचाच्या खाली हातच गेला न्हाई बघ." आणि शेरा काय, तर मुलगी संस्कारी, घराणं चांगलं, कधी उलट बोलली नाही.

हसावं की रडावं. आपल्याकडं साक्ष मागितली की माणूस आशीर्वाद देतो. आशीर्वाद कुणी अडीच देतं का? तिकडं मात्र दोन-तीन म्हणजे माणसाला काम येतं, आणि सगळीकडे पाच म्हणजे यानं काही पाहिलंच नाही.

धीर करून म्हटलं, सर, मार्क कमी करा. तर, "म्हंजी मी खोटं लिवलं म्हंतेत का ते?" आणि फोन काकूंच्या हातात. काकू म्हणाल्या, रागावले नाहीत गं, जेवायला बसलेत. म्हणजे चांगलेच रागावलेत.

१५ डिसेंबर
सर फोन उचलत नाहीत. महेश तिकडून म्हणतो, दुसऱ्या कुणाला विचार. नवरा शहाणा, पण लांबून शहाणा. दुसरं कोण? चाकूरजवळच्या गावातली ती पाण्याची उंच टाकी माझ्या अर्जातलं सगळ्यात मोठं काम, आणि ती सरांच्या ऑफिसातली. त्या वेळचं दुसरं कुणीच…

संध्याकाळी काकूंचा फोन. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात ये म्हणाल्या. सरांना विचारलंत का, तर म्हणाल्या, येळवशीला बोलवायला विचारावं लागतं व्हय. खरं आहे. त्या दिवशी शेतात आलेल्याला कुणी उपाशी परत पाठवत नाही, भांडण असलं तरी.

१९ डिसेंबर, येळवस. लातूर
पहाटेची एसटी धरली. पोचले तोवर अर्धं लातूर शेतात गेलेलं, बाजार बंद. सरांच्या शेतात कडब्याची कोप उभारलेली, आत पूजा झालेली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. दोन वाट्या आंबील प्यायले तरी सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

मग स्वतःच म्हणाले, चल, कमी करू मार्क, पण कशात? टाकीत तू नेमकं काय केलंस?

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला एकदम रडूच आलं, ते भज्जीच्या तिखटावर ढकललं.

सांगितलं की पूर्वेच्या बाजूला काळी माती खोल निघाली होती. पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार, टाकी त्यावर कशी ठेवायची, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला. काडीनं जमिनीवर काढूनही दाखवलं.

"ते तर मीच सांगितलं होतं तुला."

"नाही सर. तुम्ही सोलापूरला होता, तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला. फोन लागत नव्हता. मी ठरवलं."

काकू हातातलं धपाटं घेऊन तशाच उभ्या. सरांशी असं मी कधीच बोलले नव्हते. तेव्हा सोलापूरहून परत आल्यावर सरांनी ड्रॉइंग पाहिलं, सही केली, नाव त्यांचंच लागलं. ऑफिसची रीतच ती, त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. आज वाटलं. आणि सांगून झाल्यावर हलकंही वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

सर उठून हरभऱ्यात चक्कर मारायला गेले, ते लवकर आलेच नाहीत. काकूंनी उंडे बांधून दिले. परतीच्या गाडीत एकच विचार: घालवलं सगळं, स्वतःच्या तोंडानं.

२० डिसेंबर, नांदेड
सरांकडून काही नाही. आई म्हणते माफी माग. कशाची? अण्णा म्हणतात माग, माफी मागून कुणी बारीक होत नाही. मागणार नाही.

२२ डिसेंबर
भाजी घ्यायला गेले होते. मेथी निवडताना फोन. सर!

"टाकीखाली उभा हाय मी. बोल."

म्हटलं, कुठल्या? तर म्हणाले, तुझ्याच. या वयात एकटे एसटीनं चाकूर, तिथून रिक्षा. काकूंना सांगून तरी निघाले की नाही कोण जाणे. पिशवी भाजीवालीकडं ठेवली आणि भिंतीला टेकले.

आणि सुरू झाली तोंडी परीक्षा. पूर्वेला पाया खोल, पश्चिमेला उथळ, मग टाकी कलली असती तर? सांगितलं, सगळे खांब खालून काँक्रीटच्या एका पट्ट्यानं बांधलेत. मुरूम पक्का लागलाय हे कशावरून ठरवलंस? सांगितलं. खर्च वाढला, ते गावाला आधी सांगितलं होतंस का? म्हटलं, सरपंचांना शिडी लावून खड्ड्यात उतरवलं होतं, वर आल्यावर त्यांनीच मान्य केलं. सर हसले. सोमवारी सकाळी, भर बाजारात, सर माझं ऐकून हसले.

मग परत गंभीर. पाण्याची गळती कशी तपासलीस, विचारलं. तिथं मी जरा अडखळले. त्यांनी मदत केली नाही. शेवटी जमेल तसं सांगितलं.

"बरं. पाच न्हाई देत."

फोन कट. मी भाजीवालीला पैसे द्यायचे विसरले, ती ओरडली तेव्हा परत गेले. घरी आल्यावर आईला मिठी मारली. ती म्हणाली, मेथी कुठाय.

२७ डिसेंबर, नांदेड स्टेशन
हैदराबादची गाडी उशिरा आहे, म्हणून हे लिहितेय. पुढं विमान.

काल बोर्डाचा मेल आला. सरांची साक्ष पोचली, अर्ज तपासणाऱ्यांपुढं ठेवतोय, मुलाखतीला बोलवू किंवा बोलवणार नाही. म्हणजे काहीच सांगितलं नाही.

सरांना फोन केला. या वेळी फॉर्म वाचून दाखवला नाही, मीही विचारलं नाही. निघताना आशीर्वाद द्या म्हटलं, तर म्हणाले, तो पहिल्या फॉर्मात दिला होता, तुमच्या बोर्डाला चालला न्हाई. आणि वर, "एका जागी दोनच दिलेत. कशात ते सांगनार न्हाई."

महेशला सांगितलं तर तो हसतच सुटला. मार्क कमी करायला तूच गेली होतीस ना? गेले होते. पण दोन? गळतीत असणार. की खर्चात? खर्चात दोन दिले असतील तर भांडेन मी.

अण्णा शेजारी बसून शेंगा सोलतायत. विचारतात, मार्क कमी झाले, मग एवढी खूश कशानं? काय सांगू त्यांना. इतकी वर्षं सरांकडं काम केलं, माझं काम त्यांनी तपासलं ते आत्ता.